दूर राहणाऱ्या माणसाला ‘तसलं’ काही सांगायचं असेल तर? लिहून, बोलून, की भेट होईपर्यंत गप्प?

अर्धविराम | शुक्रवार, रात्री ११:४२

नमस्कार. एरवी मी इथे फक्त वाचतो. धागा काढायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

एक मैत्रीण आहे. आम्ही तीन वर्षं एकाच ऑफिसात होतो, मग ती नोकरी बदलून दुसऱ्या देशात गेली. त्याला सव्वादोन वर्षं झाली. घड्याळात साडेचार तासांचा फरक आहे, ती पुढे, मी मागे. दर शनिवारी तिच्या रात्री आणि माझ्या संध्याकाळी आमचा फोन असतो. आधी अर्धा तास असायचा, आता दीड-दोन तास कुठे जातात कळत नाही. फोन लागला की ती आधी “थांब, दार लावते” म्हणते. मग कडी वाजते, मग खुर्ची ओढल्याचा आवाज येतो आणि मग बोलणं सुरू होतं. गेले काही महिने मी बोलण्यापेक्षा त्या कडीच्या आवाजाची वाट बघतोय. तेव्हाच समजायला हवं होतं, पण मी जरा मंद आहे.

तर मला मैत्रीपलीकडचं वाटतंय. तिला काय वाटतं, देव जाणे. मधल्या काळात चार वेळा भेट झाली, पण दर वेळी चारचौघांत. पुढची भेट आठ महिन्यांनी आहे.

फोनवर सांगू, लिहून पाठवू, की आठ महिने कळ काढू? लिहून बघितलं. मोबाइलच्या नोट्समध्ये मसुदा आहे, अकरा वेळा बदललाय. चुकून कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून त्याला ‘वीजबिल’ नाव दिलंय. आधी दोन पानं होती, आता चार ओळी उरल्यात आणि त्याही माझ्या वाटत नाहीत.

“सरळ सांगून टाक” हे मित्रांनी सांगून झालंय. कसं, ते कोणी सांगत नाही. म्हणून इथे.

---

पाचोळा | शुक्रवार, रात्री ११:४५

फोन उचल. बोल. धागा बंद.

---

तिरकस | शुक्रवार, रात्री ११:५१

‘वीजबिल’ हे नाव फार आवडलं. थकलं की पुरवठा तोडतात, तेवढं लक्षात ठेवा. (हलकेच घ्या.)

---

रातकिडा | शनिवार, रात्री १२:२०

पाचोळा, इतकं सोपं नसतं हो. फोनवर सांगून काय होतं ते मी भोगलंय.

माझी ती तेव्हा दोन देश पलीकडे होती. रात्री दोन वाजता, चार दिवस पाठ केलेलं एक वाक्य मी एका दमात बोलून टाकलं. पलीकडे शांतता. एक सेकंद, दोन सेकंद. तुम्हाला सांगतो, दोन सेकंद हा फार मोठा काळ असतो. माझ्या कानात रक्त वाजायला लागलं. मी घाबरून म्हणालो, “अगं जाऊ दे, गंमत केली.” आणि नेमकं त्याच वेळी तिकडून आलं, “मलाही.”

दोघांची वाक्यं एकमेकांवर आदळली. तिने माझं “गंमत केली” नीट ऐकलं, मी तिचं “मलाही” अर्धवट. तिला वाटलं मी तिची थट्टा केली. मला वाटलं ती “मलाही गंमतच वाटली” म्हणतेय. पुढचे तीन आठवडे आम्ही दोघं फक्त हवापाण्यावर बोललो! शेवटी तिनेच विचारलं, की तू त्या दिवशी नक्की कशाची गंमत केलीस.

आता लग्नाला सहा वर्षं झाली. भांडण झालं की ती अजूनही मधेच थांबते, दोन सेकंद जाऊ देते आणि म्हणते, “जाऊ दे, गंमत केली.”

तात्पर्य, लिहून सांगा.

---

ध्वनिवेडा | शनिवार, सकाळी ७:०५

रातकिडा, तुमची ती दोन सेकंदं माझ्या पोटापाण्याचा विषय असल्याने थांबवत नाही. माझं काम आवाज इकडून तिकडे नेण्याचंच आहे.

समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी फक्त २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. २००९ साली दहा वेगवेगळ्या भाषा तपासून हे मांडलं गेलं, आणि भाषा बदलली तरी आकडा त्याच्या आसपासच राहतो. त्यातही ‘हो’ लवकर येतो, ‘नाही’ जरा रेंगाळत येतो. त्यामुळे पलीकडचा थबकला की आपण मनाशी नकार धरून चालतो. कोणी शिकवावं लागत नाही.

आता यात तांत्रिक उशीर मिसळा. टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज एका बाजूला पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत लागले तर बहुतेकांना खटकत नाही. समुद्राखालच्या काचतंतूतून दहा हजार किलोमीटर जायला प्रकाशाला सुमारे ५० मिलिसेकंद पुरतात, म्हणजे अंतर हा खरा गुन्हेगार नाही. गुन्हेगार असतो आपला वायफाय, ॲपचं बफर (आवाज जरा साठवून मग वाजवणं), कानातला ब्लूटूथ. पूर्वी उपग्रहावरून फोन जायचे तेव्हा ३६ हजार किलोमीटर वर आणि तितकंच खाली, एका बाजूलाच पाव सेकंद. २०१४ साली बर्लिनच्या संशोधकांनी मुद्दाम उशीर घालून लोकांना बोलायला लावलं. लोकांनी दोष लाइनला दिला नाही, समोरच्या माणसाला दिला. लक्ष नाही याचं, असं वाटलं त्यांना.

थोडक्यात: ब्लूटूथ काढा, राउटरजवळ बसा, आणि सांगून झाल्यावर मनात दहापर्यंत मोजा. मधे तोंड उघडू नका.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), नोट्सच्या यादीत शीर्षकाखाली मजकुराची पहिली ओळ दिसते. ‘वीजबिल’च्या खाली काय दिसतंय ते एकदा बघून घ्या.

---

तिरकस | शनिवार, सकाळी ७:३०

प्रेमाच्या धाग्यावर राउटर आणणारे तुम्ही पहिले. नमस्कार स्वीकारावा.

---

गोंधळी | शनिवार, सकाळी ८:१४

व्हॉइस मेसेज हा मधला मार्ग कोणालाच कसा सुचला नाही? आवाजही पोचतो, मधे कोणी बोलतही नाही, आणि समोरच्याला सवडीने ऐकता येतं.

---

सदाफुली | शनिवार, सकाळी ९:४०

गोंधळी, सुचला होता. वापरलाही होता. सहा मिनिटांचा. आवाज थरथरत होता, मधे दोनदा रडू आवरलं, ते सगळं त्यात आलं होतं. त्याचं उत्तर आलं साडेतीन मिनिटांत.

व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये आवाज दीडपट-दुप्पट वेगाने ऐकायची सोय काढली, ती या इसमासाठीच. माझं आयुष्यातलं पहिलं प्रेम त्याने दुप्पट वेगाने ऐकलं.

(नाही, पुढे काही झालं नाही. त्याचं कारण मात्र वेगळं होतं.)

---

पाचोळा | शनिवार, सकाळी ९:४४

😂😂 सदाफुली, दंडवत.

---

मीच_ती | शनिवार, सकाळी ११:०२

मी पलीकडच्या बाजूने लिहिते, कारण इथे सगळे पाठवणारेच दिसतायत.

मला असं एक लेखी निवेदन आलं होतं. ईमेल. छापलं तर साडेतीन पानं भरतील एवढं. लिहिणारा चांगला मुलगा होता, मित्र होता, भाषाही सुंदर. त्यात आमच्या मैत्रीतला एकेक प्रसंग तारखेनिशी होता. मी कुठल्या दिवशी कुठला स्वेटर घातला होता तेही होतं. वाचताना आनंद व्हायला हवा होता, पण मला वाटलं की मी साधी मैत्रीत वावरत होते आणि कोणीतरी पाच वर्षं माझी डायरी लिहीत होतं. शेवटी वाक्य होतं: “तुझं उत्तर काहीही असो, मी वाट बघेन.” आता याला काय उत्तर द्यायचं? नाही म्हटलं तरी तो वाट बघणार! म्हणजे उत्तर देण्याआधीच मी खलनायिका.

आणि वर ती निळी टिक. (ईमेल पाठवून पठ्ठ्याने “मेल केलाय, बघ” असा मेसेजही टाकला होता.) मी उघडलं की त्याला कळणार, कळलं की तो मोजायला बसणार. चार दिवस मी तो मेसेज न उघडता वरून वाचत होते.

अर्धविराम, दोन पानांच्या चार ओळी केल्यात ना? अकरा वेळांत तेवढंच बरोबर केलंत. अजून कापा.

---

रातकिडा | शनिवार, सकाळी ११:३०

मीच_ती, तुमचं पटलं, पण तो दोष पत्राचा नाही, पाच वर्षं साठवल्याचा आहे. तेच सगळं फोनवर ऐकवलं असतं तर? पत्र निदान बंद करून ठेवता येतं.

---

मीच_ती | शनिवार, दुपारी १२:१०

फोनवर तो साडेतीन पानं बोलूच शकला नसता. दुसऱ्या मिनिटाला माझ्या “हं”मधला फरक त्याला ऐकू आला असता आणि तो थांबला असता. लिहिताना समोरचा “हं” म्हणत नाही, म्हणून माणूस वाहवत जातो. माझा मुद्दा एवढाच.

---

निमूट | शनिवार, दुपारी १२:१५

मी सांगितलं. ती नाही म्हणाली. अजून मैत्रीण आहे. मधलं दीड वर्ष सोडून.

---

जुनी_वही | शनिवार, दुपारी ४:२५

तुमच्या निळ्या टिका वाचून करमणूक झाली. १९८१ची गोष्ट सांगते.

आमचे हे मालवाहू बोटीवर होते. तेव्हा ‘आमचे’ नव्हते, भावाचे मित्र होते. भावाला येणाऱ्या पत्रात माझ्यासाठी एखादी ओळ असायची, मग वेगळी पत्रं येऊ लागली. बोट पुढच्या बंदरात कधी लागणार त्यावर टपाल अवलंबून. कधी दहा दिवसांत पत्र, कधी महिन्याने, कधी तीन एकदम. त्यामुळे पाकिटाच्या मागच्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात, क्रमांक घालायची त्यांची शिस्त होती. पेन्सिलीने, गोल करून.

तर एकदा पत्र आलं, क्रमांक ७. आत चारच ओळी. “तुमचं उत्तर आलं नाही, त्यावरून समजलो. तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असेल तर क्षमा करा. हा विषय पुन्हा काढणार नाही. भावाला नमस्कार.” मी ते पत्र हातात धरून उभीच. कुठला विषय? क्रमांक ४ माझ्याकडे होतं, त्यात बोटीवरच्या मांजरीबद्दल लिहिलं होतं. मांजरीचा विषय पुन्हा काढणार नाहीत, एवढं वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काय?

मग ट्यूब पेटली. पाच आणि सहा आलेलीच नव्हती.

पुढचे नऊ दिवस मी पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून काढले. पाचमध्ये काय असेल याचा अंदाज आला होता, पण अंदाजावर हो कसं म्हणणार? दहाव्या दिवशी क्रमांक ५ आलं. समुद्राचं पाणी लागून एक बाजू फुगली होती, शाई पसरली होती, पण नेमकी हवी ती ओळ शाबूत. तशीच तारऑफिसात गेले. बोट तीन दिवसांनी ज्या बंदरात लागणार होती तिथल्या एजंटाच्या पत्त्यावर तार केली: “पाच मिळाले. हो.”

तारबाबूंनी दोनदा विचारलं, “पाच काय मिळाले, ते लिहायचं नाही का?”

सहावं पत्र आजतागायत आलेलं नाही. त्यात काय होतं, विचारलं तर म्हणतात आठवत नाही. मला ते खरं वाटत नाही.

---

सदाफुली | शनिवार, दुपारी ४:५०

काकू!!! हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. “पाच मिळाले. हो.” याहून छोटी कबुली असूच शकत नाही.

---

तिरकस | शनिवार, संध्याकाळी ५:०२

आणि आम्ही इथे निळ्या टिकेला चार मिनिटं उशीर झाला म्हणून प्रोफाइल फोटो बदलतो.

---

तळटीप | शनिवार, रात्री ९:१८

थोडा थंड पाण्याचा शिडकावा करतो, रागावू नका.

लांबून बोलताना आपण समोरच्याच्या प्रेमात पडतो की आपण उभ्या केलेल्या मूर्तीच्या, हा प्रश्न संशोधकांना बराच काळ पडलेला आहे. १९९६ मध्ये जोसेफ वॉल्थर यांनी मांडलं की लिहून होणारा संवाद कधीकधी समोरासमोरच्यापेक्षाही जवळचा होतो. कारण लिहिणारा स्वतःची निवडक बाजू दाखवतो, आणि वाचणारा गाळलेल्या जागा चांगल्याच गोष्टींनी भरतो. २०१३ मध्ये जिआंग आणि हॅनकॉक यांनी ६३ जोडप्यांना आठवडाभर नोंदी ठेवायला लावल्या. दूर राहणारी जोडपी दिवसातून कमी वेळा बोलत होती, पण बोलत तेव्हा मनातलं जास्त बोलत होती. एकमेकांना जरा आदर्श मानण्याकडेही त्यांचा कल जास्त होता.

आता कटू भाग. २००६ मध्ये स्टॅफर्ड, मेरोला आणि कॅसल यांनी कॉलेजमधली दूर राहणारी जोडपी तपासली. जी पुढे एकाच गावात राहायला आली, त्यांतली साधारण एक तृतीयांश तीन महिन्यांत वेगळी झाली. दूर असताना टिकलेली, जवळ आल्यावर मोडलेली. कारणंही साधी होती: स्वतःचा मोकळा वेळ गेला, रोजच्या सवयी दिसल्या, भांडणं वाढली.

अर्धविराम, तुम्ही तिच्याबरोबर तीन वर्षं एका ऑफिसात काढलीत, म्हणजे तुमची मूर्ती अगदीच हवेतली नाही. तरी विचारतो: सोमवारी सकाळी चिडलेली असताना ती कशी दिसते ते आठवतंय का?

---

अर्धविराम | रविवार, रात्री १२:०५

तळटीप, आठवतं. चिडली की ती एकदम सौजन्याने बोलायला लागते. “कृपया” म्हणाली की समजायचं, आता काही खरं नाही. मला ते पाहून तेव्हाही हसू यायचं.

आज शनिवार होता. बोललो नाही. कडी वाजली, खुर्ची ओढली, दोन तास झाले, ठेवला. मधे ती “तू आज गप्प आहेस” म्हणाली, मी “झोप झाली नाही” म्हणालो. बाकी सगळ्यांना उद्या सविस्तर लिहितो. जुनी_वही काकू, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

ध्वनिवेडा, नोट्सचं बघितलं. ‘वीजबिल’खाली “बरेच दिवस सांगायचं होतं की” एवढं दिसतंय. कोणी बघितलं तरी थकबाकी वाटेल.

---

ध्वनिवेडा | रविवार, सकाळी ६:५०

महावितरणलाही इतक्या आर्जवाने कोणी लिहीत नाही. नाव बदला.

---

पाचोळा | रविवार, सकाळी ८:००

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

गोंधळी | रविवार, सकाळी ८:२०

हे बघा! नेमकं हेच करू नका. काहीतरी पाठवायचं आणि पुसायचं. ‘हा संदेश काढून टाकला आहे’ या ओळीइतकी झोप उडवणारी ओळ जगात नाही. आता मी दिवसभर विचार करणार की पाचोळाने काय लिहिलं होतं.

---

पाचोळा | रविवार, सकाळी ८:२४

दोनदा पोस्ट झालं होतं हो.

---

गोंधळी | रविवार, सकाळी ८:२५

पहिलं कुठाय मग?

---

दिवाणखाना | रविवार, दुपारी १:१५

पाठवून पुसण्यावरून आठवलं. कवी रॉबर्ट ब्राउनिंग आणि एलिझाबेथ बॅरेट यांची गोष्ट इथे यायलाच हवी. त्याने तिला पहिलं पत्र लिहिलं १० जानेवारी १८४५ला, प्रत्यक्ष भेट त्याच वर्षी २० मेला. म्हणजे चार महिने नुसती पत्रं. दोघं एकाच शहरात होती, पण ती आजारी आणि वडिलांच्या धाकात, त्यामुळे अंतर असल्यातच जमा.

भेट झाल्याबरोबर या गृहस्थांना राहवलं नाही. त्यांनी पत्रात सगळं ओतलं. ती दचकली आणि तिने बजावलं की हे पुन्हा काढू नका, नाहीतर भेटणं बंद. त्याने ‘तुमचा गैरसमज झाला’ छापाचं उत्तर दिलं, ते पत्र परत मागून घेतलं आणि नष्ट केलं. दोघांची ५७० हून जास्त पत्रं आज उपलब्ध आहेत, नाही ते फक्त तेवढं एक. पुढे १२ सप्टेंबर १८४६ला दोघांनी गुपचूप लग्न केलं.

तेव्हा रातकिडा, “गंमत केली” म्हणणारे तुम्ही पहिले नाही.

उलट बाजूला लेखक फ्रान्झ काफ्का. फेलिस बाऊअरला १९१२ पासून पाच वर्षांत पाचशेच्या वर पत्रं आणि कार्डं लिहिली, दोनदा साखरपुडा केला, दोन्ही वेळा मोडला. पत्र लिहिण्यात तो इतका रमला की पत्र जिच्यासाठी ती जवळ येणार म्हटलं की त्याला धडकी भरायची. मला वाटतं, हा धोका जास्त खरा आहे. सांगण्याचीच चटक लागते.

---

सदाफुली | रविवार, दुपारी १:३०

म्हणजे ‘सर्वांसाठी हटवा’ १८४५ पासून आहे तर.

---

उंबरठा | रविवार, दुपारी ३:४०

लांब कशाला जाता, रुक्मिणी आहे की. कृष्णाला पाहिलेलंही नाही, फक्त कीर्ती ऐकलेली. लग्न भलत्याशी ठरलंय. तिने पत्रिका लिहिली आणि ब्राह्मणाच्या हाती दिली. भागवतात ती पत्रिका अवघ्या सात श्लोकांची आहे. त्यात मन तर आहेच, पण बाई किती व्यवहारी बघा: लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या यात्रेला मी नगराबाहेर देवळात येणार आहे, तिथून मला न्या. दिवस, जागा, कृती, सगळं स्पष्ट. त्याला विचार करायला काही शिल्लकच ठेवलं नाही.

अर्धविराम, तुमच्या चार ओळींत पुढे काय करायचं ते आहे का? की नुसतं “मला असं वाटतं” सांगून तिच्या गळ्यात टाकताय?

यक्षाचं बघा, त्याने ढगाला पाठवलं. निळी टिक आलीच नाही.

---

मीच_ती | रविवार, दुपारी ४:०५

उंबरठा, तुम्ही मला साडेतीन पानांत काय खटकलं ते सांगितलंत. त्याला माझ्याकडून काय हवं होतं हेच त्यात नव्हतं. “लग्न करशील?” नव्हतं, “भेटायला येऊ का?”ही नव्हतं. नुसता ऐवज माझ्या दारात ठेवून गेला.

मात्र पळवून न्यायची सूचना अर्धविराम यांनी पहिल्याच फोनवर करू नये.

---

एकसावध | रविवार, रात्री १०:३०

या धाग्यावर कोणी असं असेल की ज्याने समोरच्या माणसाला कधी पाहिलेलंच नाही, तर आधी व्हिडिओवर बोला. दर वेळी कॅमेरा बिघडलेला असेल आणि मग हळूच पैशांची अडचण आली, तर तो माणूस प्रेमात नाही, धंद्यात आहे. माझ्या नात्यातल्या एका हुशार, शिकलेल्या माणसाची जमापुंजी अशी गेली. त्याला पैशांपेक्षा लाज जास्त खात होती, म्हणून वर्षभर तो कोणाला बोलला नाही. अवांतर वाटलं तर सोडून द्या.

---

जुनी_वही | रविवार, रात्री १०:५५

अवांतर नाही. बरं केलंत लिहिलंत.

---

रातकिडा | सोमवार, सकाळी ९:१०

मी शनिवारी ‘लिहून सांगा’ म्हणालो होतो, जरा बदलतो. आधी एक ओळ लिहा की या वेळी एक अवघड विषय काढायचा आहे, चालेल का. मग बोला. माझं खरं चुकलं ते हे, की ती बेसावध होती. रात्री दोनला तिच्या मनात दुसऱ्या दिवशीची परीक्षा होती आणि मी मधेच बॉम्ब टाकला. दोन सेकंद काय, दोन तास गप्प बसली असती तरी तिचा हक्क होता.

---

मीच_ती | सोमवार, सकाळी ९:३२

अनुमोदन. पण ओळ शुक्रवारी पाठवा, सोमवारी नाही. “तुझ्याशी बोलायचंय” वाचून माणूस पाच दिवसांत तब्येत, कर्ज, मृत्यू सगळं कल्पून बसतो.

---

निमूट | सोमवार, सकाळी १०:००

आणि “काळजीचं काही नाही” असं लिहा. मी लिहिलं नव्हतं.

---

तिरकस | शनिवार, रात्री ११:१०

आज शनिवार. अर्धविराम कुठे आहेत? कडी वाजली का?

---

ध्वनिवेडा | शनिवार, रात्री ११:१२

ब्लूटूथ काढलाय ना?

---

अर्धविराम | रविवार, रात्री १:२०

काढला होता.

काल रात्री एक ओळ पाठवली: “उद्या एक जरा अवघड गोष्ट बोलायची आहे, काळजीचं काही नाही, चालेल ना?” निळी टिक लगेच. उत्तर चाळीस मिनिटांनी: “चालेल.” फक्त तेवढंच. त्या चाळीस मिनिटांबद्दल मी वेगळा धागा काढू शकतो.

आज फोन लागला. “थांब, दार लावते.” कडी. खुर्ची. चार ओळी समोर कागदावर लिहून ठेवल्या होत्या, त्यातल्या दोन बोललो. मला तुझ्याबद्दल मैत्रीहून जास्त वाटतं. तुला तसं वाटत असेल तर आठ महिने न थांबता पुढच्या महिन्यात चार दिवस रजा काढून मी तिकडे येतो. नसेल वाटत तर तसं सांग, शनिवार मात्र राहू दे. मग गप्प बसलो आणि मोजायला लागलो. सहापर्यंत आलो तेव्हा ती हसत होती.

म्हणाली, “वीजबिल ना?”

गेल्या महिन्यात तिच्या रजेचा अर्ज भरायला मदत करताना मी माझ्या मोबाइलचा स्क्रीन तिला दाखवला होता. नोट्स उघड्या होत्या. शीर्षक, आणि खाली “बरेच दिवस सांगायचं होतं की”. तिला आठवलं की माझं वीजबिल वर्षानुवर्षं बँकेतून परस्पर जातं, मी त्याबद्दल कधी कोणाला काही सांगत नाही. पाच शनिवार ती वाट बघत होती.

उत्तर अजून पूर्ण नाही. म्हणाली की तिलाही काहीतरी वाटतंय, पण ते माझ्याबद्दलचं आहे की तिकडच्या एकटेपणाचं, हे तिला तपासायचंय, आणि त्यासाठी मी यावं. मग म्हणाली, “कृपया परतीचं तिकीट काढूनच ये.”

त्या “कृपया”वरून मला रात्रभर झोप लागणार नाही.

---

तळटीप | रविवार, सकाळी ७:३०

तिने स्वतःला हे विचारलं यातच ती माझ्या सगळ्या संशोधकांपेक्षा शहाणी आहे.

---

जुनी_वही | रविवार, सकाळी ८:०५

जाऊन या. आणि आल्यावर इथे लिहा, आमच्याकडे सहा क्रमांकाचं अजून यायचंय, तुमचं तरी येऊ दे.

---

पाचोळा | रविवार, सकाळी ८:१०

म्हणजे शेवटी फोन उचलला आणि बोललास. माझा पहिला प्रतिसाद बघ.

---

गोंधळी | रविवार, सकाळी ८:१२

पहिला बघितला. मधला जो काढून टाकलात त्यात काय होतं?

---

नवाकोरा | मंगळवार, दुपारी २:४५

धागा आत्ता पाहिला, सगळे प्रतिसाद वाचलेले नाहीत. माझं मत: नोट्समध्ये लिहून ठेवा, योग्य वेळ आली की बघू. आणि नाव काहीतरी साधं द्या, कोणाला संशय येणार नाही असं.